प्रेसखाली बोटं गेली, जखम भरली, डॉक्टरनं फिट लिहिलं. मग हे अपंगत्व तात्पुरतं की कायमचं?

हळदगाव (कुपवाड, सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. कामगार कायद्यातलं कळणारं कुणी असेल तर कृपा करून सांगा. घरात रोज याच्यावरनं वाद चाललेत.

आमचे हे कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या प्रेस शॉपमध्ये डाय सेटर आहेत, म्हणजे पत्रा कापायचे साचे मशीनवर बसवतात. सात-आठ माणसांचं शॉप. मोठ्या कारखान्यांना ब्रॅकेट, वॉशर मारून द्यायचं काम. ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही, पीएफ नाही. पगार 16,500, तो मात्र बँकेत जमा व्हायचा. फेब्रुवारी 2025 मध्ये डाय बसवून ट्रायल काढताना पेडलवरचा पाय काढला तरी प्रेसनं परत एकदा मारलं. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं शेंड्याचं एक पेर गेलं. अनामिका राहिली, पण ती अर्धीच वाकते.

मालकानं दवाखान्याचं सगळं बिल भरलं, ते नाकारत नाही. दोन महिने पूर्ण पगारही दिला. टाके निघाले, जखम भरली, मग डॉक्टरांनी लिहून दिलं की कामावर हजर व्हायला हरकत नाही. हे गेले. पण डाय सेटिंगला परत घेतलं नाही, पॅकिंगला बसवलं. पगार 11,000 केला. यांना व्हर्नियर नीट धरता येत नाही, अॅलन की फिरवायला जोर लागत नाही, हे खरंच आहे. घरी शर्टाची वरची बटणं मी लावून देते. आता थंडी पडलीय तर सकाळी बोटाचं टोक असं ठणकतं की गरम पाण्यात हात धरून बसतात.

दिवाळी झाल्यावर यांनी मालकाकडे भरपाईचा विषय काढला. तर ते म्हणाले, "तात्पुरती दुखापत होती, तिचे पैसे दिले. आता तू फिट आहेस, कामावर येतोस, मग अपंगत्व कसलं? तरी वरून 25,000 देतो, 500 च्या स्टॅम्पवर सही कर की माझी काही मागणी राहिली नाही." शेजारच्या एकांनी सांगितलं की अपंगाचा दाखला 40 टक्क्यांच्या वर असेल तरच काहीतरी मिळतं, दोन बोटांचे तेवढे भरणार नाहीत.

डॉक्टरनं फिट लिहिलं म्हणजे कायमचं काही नाही, असं असतं का? सही करावी का? मालक रविवारपर्यंत सांग म्हणालेत.

कोयनाकाठ (कराड)

ताई, माझं ऐका, 25 देतोय तर 50 पर्यंत ओढा आणि घेऊन मोकळे व्हा. माझ्या मेहुण्यानं असंच प्रकरण घातलं होतं, वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या. कोर्टात घातलं की नोकरीही जाते. लहान मालक आहे, त्याच्याशी वाकडं घेऊन कुपवाडात दुसरीकडं काम मिळणं अवघड. दोन पोरं असतील घरात, विचार करा.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, रविवारी सही करू नका. आधी एवढं ठरवा, मग खालचं वाचा.

मी सांगलीत युनियनच्या ऑफिसात आणि पुढं एका कामगार वकिलाकडे अपघात भरपाईचे अर्ज लिहिण्यातच नोकरी घालवली. हाताचे अपघात सगळ्यात जास्त पाहिले, आणि त्यातले बहुतेक प्रेसवरचे. मालक जे वाक्य बोलला ते प्रत्येक वेळी ऐकलं आहे. जखम भरली, म्हणजे विषय संपला. तसं अजिबात नाही. जखम भरणं हे शरीराचं काम आहे. गेलेली पेरं काही परत उगवत नाहीत, आणि भरपाई त्या गेलेल्या पेरांची असते.

तुमच्या यांना दोन्ही झालंय, एकामागून एक. अपघाताच्या दिवसापासून फिट दाखल्यापर्यंतचा जो काळ, ज्यात हात बांधलेला होता आणि कामच करता येत नव्हतं, ते तात्पुरतं अपंगत्व. त्या काळासाठी 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के रक्कम आहे, म्हणजे महिन्याला अर्धा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षं. फिट दाखला आला की हे पैसे थांबतात. त्या दाखल्याचा अर्थ तेवढाच. डॉक्टरनं लिहिलंय की आता इलाज संपला, माणूस कारखान्यात येऊ शकतो. बोटं पूर्वीसारखी झाली असं कुठल्याही डॉक्टरनं लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. उलट इलाज संपल्यावरच कळतं की कायमचं काय राहिलं. म्हणून कायमच्या अपंगत्वाचा हिशोब त्या दिवसानंतर सुरू होतो.

मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं, सहा-आठ आठवड्यांनी हात पहिल्यासारखा चालू झाला, तर ते नुसतं तात्पुरतं. भाजलं, कातडी आली, बोटं सगळी वाकतात, तेही तात्पुरतं. पण पेर तुटलं, डोळा गेला, सांधा कायमचा आखडला, तर माणूस दुसऱ्या दिवशी कामावर गेला तरी ते कायमचं अंशतः अपंगत्व. "कामावर येतोस ना" हा कायद्यात मुद्दाच नाही. कायदा विचारतो की अपघाताच्या वेळी हा माणूस जी जी कामं करू शकत होता, त्यातली त्याची कमावण्याची ताकद कमी झाली का.

आणि तुटलेल्या बोटांसाठी तर हेही सिद्ध करत बसावं लागत नाही. कायद्याला पहिलं परिशिष्ट आहे, त्यात अवयवागणिक टक्के लिहून ठेवलेत. अंगठा पूर्ण गेला तर 30. तर्जनी पूर्ण गेली तर 14, तिची दोन पेरं गेली तर 11, एक पेर गेलं तर 9. मधलं बोट पूर्ण 12, दोन पेरं 9, एक पेर 7. अनामिका किंवा करंगळी पूर्ण गेली तर 7. एकाच अपघातात दोन-तीन इजा असतील तर टक्क्यांची बेरीज होते. तुमच्या यांचे 11 आणि 7, म्हणजे 18 टक्के. हे कुणाच्या मर्जीवर नाही, मालकाच्या नाही आणि डॉक्टरच्याही नाही.

अनामिका अर्धीच वाकते म्हणता, ती वेगळी धरा. परिशिष्टात आखडलेल्या बोटाची ओळ नाही, म्हणून तिथं हाडाच्या डॉक्टरकडून तपासून कमाईची ताकद किती कमी झाली त्याचा दाखला घ्यावा लागतो. एखादं बोट जागेवर आहे पण कायमचं पूर्ण निकामी झालंय, तर ते गेल्यातच धरतात. अर्धं वाकणाऱ्याचं डॉक्टर सांगतील तेवढं.

आता रुपये. पगार 15,000 च्या वर कितीही असो, हिशोबाला 15,000 च धरतात. 3 जानेवारी 2020 पासून ही मर्यादा आहे, त्याआधी 8,000 होती. यांचं वय तुम्ही लिहिलं नाही, मी 35 धरतो. कायद्यात वयागणिक एक गुणक ठरवून दिलाय, त्या वयाचा 197.06. पूर्ण कायमच्या अपंगत्वाचं सूत्र म्हणजे पगाराच्या 60 टक्के गुणिले गुणक. 9,000 गुणिले 197.06 म्हणजे 17,73,540. त्याचे 18 टक्के 3,19,237 रुपये. अनामिकेचे निराळे. मालक तुमची 25,000 वर बोळवण करतोय.

दवाखान्याचं बिल यातून वजा होत नाही, ती मालकाची वेगळी जबाबदारी आहे. दोन महिन्यांचा पगार त्यानं भरपाई म्हणून दिला असं म्हटलं तर फार तर ते 33,000 वजा मागेल. तरी 2,86,237 उरतात. शिवाय भरपाई देणं लागू झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, या रकमेवर ते वर्षाचे 38,000 च्या वर जातं. आणि उशिराला योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड, तोही कामगारालाच मिळतो.

स्टॅम्पची भीती धरू नका, पण सहीही करू नका. कामगारानं आपला हक्क सोडला असं लिहून घेतलेला करार त्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे रद्दबातल असतो. तडजोड करायचीच असेल तर ती कामगार भरपाई आयुक्तांसमोर नोंदवावी लागते. पण सही केलेला कागद असला की समोरचा वकील तोच पुढं करून वर्ष काढतो. कराडच्या दादांच्या मेहुण्याचं प्रकरण कशानं लांबलं ते मला माहीत नाही, पण अनेकांची याच कागदांनी लांबलेली मी पाहिली आहेत.

मुदत अपघातापासून दोन वर्षं. म्हणजे फेब्रुवारी 2027 च्या आत अर्ज गेला पाहिजे. वेळ आहे म्हणून बसू नका. तिथं काम करणारी माणसं सोडून जातात, प्रेस भंगारात जाते, मग साक्षीला कुणी उरत नाही.

40 टक्क्यांचं शेजाऱ्यांनी सांगितलं ते दुसऱ्याच गोष्टीचं आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सरकारी सवलती आणि आरक्षणासाठी 40 टक्के लागतात, त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. त्या टक्क्यांचा आणि भरपाईच्या टक्क्यांचा संबंध नाही. भरपाईत करंगळीचं टोक गेलं तरी टक्का आहे. या गैरसमजानं किती माणसं अर्जच करत नाहीत, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती रक्कम त्यांच्या बोटांची असते.

21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय. तुमचा अपघात त्याच्या आधीचा, म्हणून मी जुन्या कायद्याचंच सांगितलं.

अजिंक्यतारा (सातारा)

काकांनी सगळं नीट सांगितलंय. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांच्यासाठी माझं लिहितो, कारण त्यांचा रस्ता वेगळा आहे आणि सातारा एमआयडीसीतली निम्मी पोरं दोन्हीत गल्लत करतात.

मी फाउंड्रीत होतो. पहिल्या वेळी घोट्याचं हाड मोडलं. ईएसआयमधून तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे मिळाले, सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के, जितके दिवस डॉक्टरनं रजेवर ठेवलं तितके दिवस. पाय पूर्ण बरा झाला, पैसे बंद झाले. त्यात माझी काही तक्रार नाही, कायमचं काही उरलंच नव्हतं.

पुढं मोल्डिंग बॉक्स दोघं उचलत होतो तेव्हा डाव्या तर्जनीचं वरचं पेर चेंगरलं, काढावं लागलं. या वेळीही तात्पुरते पैसे मिळाले आणि बंद झाले. मला वाटलं, झालं. आमच्या टाइमकीपरनं सांगितलं म्हणून मेडिकल बोर्डासाठी अर्ज केला. बोर्डानं 9 टक्के धरले. ईएसआयमध्ये एकरकमी भरपाईऐवजी पूर्ण दराचे तेवढे टक्के दर महिन्याला मिळतात, जन्मभर. कामावर असलो तरी मिळतात, नोकरी बदलली तरी मिळतात. समजा रोजची सरासरी 600 असेल तर पूर्ण दर 540, त्याचे 9 टक्के म्हणजे दिवसाला साधारण 49 रुपये. ऐकायला थोडे वाटतात, पण माझ्या पोराच्या शाळेच्या गाडीचे पैसे त्यातून जातात.

ईएसआय लागू असेल तर मालकावर भरपाईचा दावा करता येत नाही, हेही लक्षात ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागतो. ताई, तिथं खरंच सात-आठच आहेत का? काँट्रॅक्टरची माणसं धरून मोजा. दहा भरत असतील तर मालकानं नोंदणी केली नसली तरी तुम्ही ईएसआयकडे जाऊ शकता, कॉर्पोरेशन पैसे देऊन मालकाकडून वसूल करतं.

हळदगाव

दोघांचे उपकार आहेत. रात्री यांना वाचून दाखवलं. यांचं वय 35 पूर्ण आहे, काकांनी बरोबर धरलं. माणसं सातच, आणि एक पोरगा सुट्टीत यायचा तेवढाच.

एक गोष्ट काल लिहिली नाही. मालक म्हणतात की प्रेसचं गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून असतं ते) यांनी स्वतः काढलं होतं, म्हणून उलट चूक यांचीच, कोर्टात गेलास तर एक रुपया मिळणार नाही. हे म्हणतात की ते गार्ड कधीपासून कोपऱ्यात पडलेलं होतं. गार्ड लावलं तर तासाला पीस कमी निघतात म्हणून सुपरवायझरच काढायला लावायचा. सगळ्या प्रेसवर तसंच.

आणि आता पॅकिंगला जावं की घरी बसावं? हे म्हणतात, कामावर गेलो तर मालकाचंच म्हणणं खरं ठरेल.

कृष्णाकाठ

गार्डचं कायद्यात असं आहे की कामगारानं सुरक्षेसाठी दिलेली वस्तू मुद्दाम काढली आणि त्यामुळंच अपघात झाला, तर अंशतः अपंगत्वाच्या भरपाईला मालक नकार देऊ शकतो. मृत्यू झाला किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर हेही कारण चालत नाही. पण मुद्दाम काढलं हे सिद्ध मालकानं करायचं. सगळ्या प्रेसवरची गार्ड काढलेली, पीस वाढावेत म्हणून सुपरवायझरनं काढायला लावलेली, तर ती कामगाराची मुजोरी होत नाही, ती त्या शॉपची पद्धत होते. शिवाय तुम्ही लिहिलंय की पेडल सोडल्यावर प्रेसनं दुसऱ्यांदा मारलं. म्हणजे प्रेसमध्येच दोष असावा. अपघातानंतर ती दुरुस्त करायला कोण आलं, काय बदललं, हे यांना माहीत असेल. लिहून ठेवा. शॉपमधले जुने फोटो, ग्रुपवरचे व्हिडिओ, ज्यात मागं प्रेस दिसते, ते फोनमधून उडवू नका.

आणखी काय गोळा करायचं: दवाखान्याचा डिस्चार्ज कागद, एक्सरे, एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) दवाखान्यातली नोंद, बँक पासबुकातली अपघाताआधीच्या पगाराची पानं आणि आत्ताच्या 11,000 ची पानं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. एकाच माणसाचा एकाच शॉपमध्ये 16,500 चा 11,000 होतो, आणि मालक म्हणतो काही बिघडलं नाही.

म्हणून पॅकिंगला जा. कामावर गेल्यानं दावा जात नाही, हे वर सांगितलं. उलट घरी बसलात तर तो म्हणेल की सोडून गेला. हजेरीवर सही करा, पॅकिंग असंच लिहिलं असेल तर त्याचा फोटो घ्या.

तुमचे हे डाय सेटर होते, हे अर्जात पहिल्या ओळीत यायला हवं. सर्वोच्च न्यायालयाचा 1976 चा म्हणून ज्याचा दाखला देतात तो प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा निकाल वकिलाला सांगा. त्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. हातापुरतं बघितलं तर टक्के पूर्ण होत नव्हते. पण एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्या कामापुरतं ते पूर्ण अपंगत्व धरलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आहे, म्हणजे व्याज तिथून मोजायचं. दोन बोटांत पूर्ण अपंगत्व मिळेल असं मी म्हणत नाही, तशी खोटी आशा देणार नाही. पण 18 टक्के हा तळ आहे. उजव्या हाताच्या तर्जनीशिवाय डाय सेटिंग होतं का, हे वकिलानं मांडलं पाहिजे आणि त्यासाठी एखाद्या जुन्या डाय सेटरची साक्ष हवी.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विजयनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. सकाळी जा, हे सोबत असू द्या, हात दाखवता येईल.

रविवारी मालकाला एवढंच सांगा की कागद वाचायला घरी न्यायचाय. देत असेल तर घेऊन या. नाही दिला तर तसंही चालेल. आणि त्याच आठवड्यात साध्या कागदावर अपघाताची तारीख, वेळ, कुठली प्रेस, कुठली बोटं, एवढं लिहून भरपाई मागितली असं पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवा. पोचपावती जपून ठेवा.

कोयनाकाठ

काका, मेहुण्याला विचारलं आत्ता. त्यानं खरंच सही करून दिली होती, साध्या कागदावर. तो म्हणतोय, ताईंना सांग सही नको. पहिला सल्ला माझा मी मागं घेतो.

हळदगाव

सही करत नाही असं ठरलं. पत्र यांनी डाव्या हातानं लिहिलं तर वेडंवाकडं येतंय, मी लिहिते, खाली सही यांची. दाखवायला इथं टाकते, काका, चुकलं तर सांगा.